नवस कोणी बोलायचा?

वज्रेश्वरीचं देऊळ दुरून पाहणाऱ्याला आधी किल्लाच वाटतं. टेकाडावर दगडी तट, दाराशी नगारखाना, चढायला बावन्न पायऱ्या. पायऱ्यांवर एक सोनेरी कासव कोरलेलं आहे. धावणारी मुलं घेऊन दर्शनाला येणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी त्यावरून ससा-कासवाची गोष्ट सांगायचा मोह आवरावा, कारण या जागेची खरी गोष्ट पायऱ्या संपल्यावर सुरू होते. हे देऊळ म्हणजे फेडलेला नवस आहे. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत मराठी फौजेचे सेनापती चिमाजी आप्पा यांचा तळ इथे, तेव्हाच्या वडवलीच्या परिसरात पडला असताना त्यांनी देवीला शब्द दिला की किल्ला हाती आला तर तुझं देऊळ बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी देऊळ उभं केलं, असं इथली परंपरा सांगते. या परंपरेत एक बारकावा आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नवस बोलला तो सेनापती. तो फेडायचं ओझंही त्याच्याच शिरावर होतं. तटावर चढणाऱ्या मावळ्यांकडून त्याने देवीपुढे काही कबूल करून घेतल्याचं कुणी सांगत नाही.

पावसाळा सरता सरता तालुक्या-तालुक्यांत शालेय मैदानी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी ती शिडी असते आणि वय चौदा, सतरा, एकोणीसच्या आतले गट. क्रॉस कंट्रीचा चमू नेणाऱ्या शिक्षकापुढे तेव्हा एकच प्रश्न असतो: मुलांना पेटवायचं कसं? आपल्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर आहे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलांना गोल करून बसवायचं, शाळेच्या नावाची आठवण द्यायची, शिवाजी महाराजांपासून ऑलिंपिकपर्यंत चार नावं घ्यायची आणि शेवटी प्रत्येकाकडून वदवून घ्यायचं की मी उद्या पदक आणीनच. म्हणजे नवस मुलांनी बोलायचा आणि तोही शिक्षकाच्या इच्छेचा. वज्रेश्वरीच्या इतिहासाने हा क्रम उलटा लावून दाखवला आहे, आणि आपल्याकडच्या धावण्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासातही जिथे काही घडलं तिथे क्रम तसाच उलटा होता, असं माझं म्हणणं आहे. चमूला बळ येतं ते वरच्या माणसाने आधी स्वतःला बांधून घेतल्यामुळे. खालच्यांकडून शपथा घेतल्याने येत नाही.

वसईची मोहीम नीट पाहिली की हे भाषणापुरतं राहत नाही. लोकांच्या तोंडी एक प्रसंग आहे. किल्ला पडत नाही असं दिसल्यावर आप्पा सरदारांना म्हणाले, वसई तुमच्याने घेववत नसेल तर माझं मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका. शाळेच्या स्नेहसंमेलनांत हा प्रसंग टाळ्या घेतो, आणि मोहिमा अशाच जिंकल्या जातात असा समज मुलांच्या मनात ठेवून जातो. पण तारखा वेगळं सांगतात. साष्टी-वसईच्या प्रांतात मराठी फौज १७३७ मध्ये शिरली, ठाणं त्याच वर्षी हाती आलं आणि वसईवर केलेले पहिले हल्ले त्याच वर्षी फसले. शिड्या लावून तट घेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा माणसं शूर नव्हती असं नाही; पूर्वतयारी अपुरी होती. त्यानंतर दोन हंगाम काम चाललं ते किल्ल्याच्या आजूबाजूला. अर्नाळ्याचं बेट ताब्यात घेऊन तिथे किल्ला बांधायला काढला. १७३९ च्या जानेवारीत उत्तरेकडचं माहीम आणि तारापूर घेतलं. तारापुरावर बाजी भिवराव रेटरेकर हे सरदार कामी आले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला आणि मार्चमध्ये धारावी आणि वेसावे ही खाडीवरची ठाणी गेली, तेव्हा वसईला बाहेरून मदत पोचण्याच्या वाटा आखडत गेल्या. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ या मोहिमेच्या पायाशी होते. कुठली खाडी कधी उतरते, कुठला रस्ता कुठे निघतो, कोण कोणाच्या बाजूचं आहे, ही माहिती स्थानिक माणसांखेरीज मिळत नाही. शेवटी वाळवंटातून तटाकडे चर खणत नेले, बुरुजाखाली सुरुंग भरले. त्यातले काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडाले आणि त्यांत आपलीच माणसं गेली. पडलेल्या भगदाडातून लोक आत घुसले आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कराराला मान्यता दिली.

तोफेच्या तोंडी मस्तक देण्याची गोष्ट या सगळ्याच्या शेवटी येते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. सगळ्या वाटा बांधून झाल्यावर, सुरुंग खणून झाल्यावर, दोन वर्षं फौजेच्या दाणावैरणीची तजवीज केल्यावर सेनापतीने काढलेले शब्द जड पडतात. १७३७ मध्ये, शिड्या तोकड्या असताना, तेच शब्द त्याने काढले असते तर ते पोकळ ठरले असते. आणि इथेही पाहा, गहाण टाकलं ते स्वतःचं मस्तक. लोकस्मृतीने चिमाजी आप्पांच्या दोन गोष्टी जपल्या, एक देवीपुढची आणि एक सरदारांपुढची. दोन्हींत सेनापती स्वतःवर काहीतरी लादून घेतो.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकाचा असेल. नवसाची गोष्ट ही देवस्थानची कथा आहे. देवीने स्वप्नात येऊन किल्ला घेण्याची युक्ती सांगितली, असंही तीच कथा सांगते. त्यावर इतिहास कसा उभा करायचा? आक्षेप रास्त आहे आणि स्वप्नापुरता तो मान्यच केला पाहिजे. मोहिमेची हकीगत चिमाजी आप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना कळवली ती सुरुंगांची आणि हल्ल्यांची. तरीही देऊळ दगडाचं आहे, वसईच्या विजयाशी त्याचं नातं पक्कं मानलं जातं आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी इथे नगारखाना बांधला तोही नवस फेडण्यासाठी, असं सांगतात. कथेचे तपशील घटकाभर बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्या समाजाने ही कथा अडीचशेहून अधिक वर्षं सांभाळली, त्याला मोहिमेआधी काय घडलेलं शोभतं असं वाटत होतं, याचा ती पुरावा आहे. त्याला शोभलं ते सेनापतीने देणं मान्य करणं. शिवाय हे देणं माणसापाशी संपलं नाही. विजयानंतर चिमाजी आप्पांना जेमतेम दीड वर्ष मिळालं. १७४० च्या डिसेंबरात ते गेले, थोरले भाऊ बाजीराव पेशवे त्याच वर्षी एप्रिलात गेले होते. बोललेला शब्द सुभेदारीच्या कारभारात उतरला होता म्हणून देवळाचं काम सुभेदाराच्या हातून झालं. क्रीडाशिक्षकाची बदली झाली की सराव बंद पडतो, हा अनुभव ज्या ज्या शाळेला आहे तिने एवढं तरी या कथेतून घ्यावं.

धावणाऱ्या माणसांच्या बाबतीत हा रिवाज आपल्याला अपरिचित नव्हता. पेशवाईच्या पत्रव्यवहारात जासूद आणि कासीद पानोपानी भेटतात आणि ते बहुधा जोडीने जातात. ‘जासूदजोडी’ हा त्या काळचा नेहमीचा शब्द. रानातून, नद्यांतून, परमुलखातून पत्र न्यायचं तर एकाला एकट्याला पाठवायचं नाही, एक आजारी पडला किंवा मारला गेला तर दुसऱ्याने पुढे जायचं, ही काळजी पाठवणाऱ्याने घ्यायची. त्यांच्या मजुरीचा, म्हणजे अजुऱ्याचा भारही त्याच्यावरच. पत्र वेळेवर पोचावं म्हणून जासुदाला कुणी स्फूर्तिपर भाषण दिलं असेल तर ते दप्तरांत उतरलेलं नाही.

उलट क्रॉस कंट्री हा खेळ म्हणून आपल्याकडे आला तो दुसऱ्याच घरचे संस्कार घेऊन. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रूजबरी, रग्बी यांसारख्या निवासी शाळांत मुलांनी कोल्ह्या-सशाच्या शिकारीची नक्कल सुरू केली. दोन-तीन मुलं ससे होऊन कागदाचे कपटे टाकत पुढे पळत, बाकीचे शिकारी कुत्रे होऊन माग काढत. श्रूजबरीच्या या खेळाला तर ‘हंट’ हेच नाव होतं, पुढाऱ्याला ‘हंट्समन’ म्हणत आणि कळप एकत्र ठेवणाऱ्या मुलाचं पदच मुळी ‘व्हिप’, म्हणजे चाबूक, असं होतं. गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट वाटते, पण साहेबाच्या शाळेतून हा खेळ जगभर गेला तेव्हा मागे रेंगाळणारा हा हाकण्याचा माल आहे, ही समजूतही थोडीफार बरोबर गेली. आपल्या मैदानांवर शिट्टी फुंकत, ‘अरे पळ, झोपलास काय’ असं ओरडत दुचाकीवरून मुलांच्या मागे जाणारे शिक्षक त्या चाबकाचेच वारस आहेत, त्यांना ते ठाऊक नसलं तरी.

आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा आरंभ मात्र चाबकाने झाला नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. तिथे त्यांनी पाहिलं ते पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुलं, काही अनवाणी. मैदान चढउताराचं, वळणावरून शर्यत, धावायला वेगळ्या आखलेल्या पट्ट्यादेखील नाहीत. असं असूनही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. दोराबजींनी त्यावर भाषण ठोकलं नाही. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने हिंदुस्थानला ऑलिंपिकचं दार उघडून घेतलं आणि खर्चासाठी स्वतःची थैली सोडली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो छोटा चमू गेला त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता, सदाशिव दातार होता. चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. भारताच्या ऑलिंपिक चमूच्या इतिहासाची सुरुवात हिरवळीवरच्या साहेबी क्लबांतून झाली नाही. ती डेक्कनच्या खडबडीत मैदानावर झाली, आणि तीही धावणाऱ्यांच्या खर्चाची हमी आधी कुणीतरी घेतल्यामुळे.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो महाराष्ट्रात फार लोकप्रिय आहे. गरिबीच धावपटू घडवते, असं म्हणतात. अनवाणी चालणं, हंड्याने पाणी भरणं, मैलोन्‌मैल शाळा. याच्यातूनच कस लागतो, सोयी दिल्या की मुलं बिघडतात. उदाहरणंही हाताशी असतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत शाळेत जाई. आईवडील वीटभट्टीवर राबत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक घेतलं, सोन्यापासून पाच शतांश सेकंदांवर. या यशाबद्दल दुमत नाही. पण कार्यकारणभाव मांडताना मधला दुवा गाळला जातो. कविता राऊत सावरपाड्याहून थेट दिल्लीला पोचली नाही. मध्ये नाशिक आहे, तिथले प्रशिक्षक विजेंदरसिंग आहेत, आणि त्यांच्याच हाताखाली मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा एकीमागून एक मुली तयार झाल्या. एकाच माणसाकडून एकापाठोपाठ एक धावपटू निघतात तेव्हा कारण पाड्यावरच्या गरिबीत शोधायचं नसतं. पाडे तर आजूबाजूला शेकडो आहेत. साबळेची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत उतरला तेव्हा त्याच्यातला धावपटू लोकांना दिसला. म्हणजे ज्या वयात शालेय क्रॉस कंट्रीने त्याला हेरायला हवं होतं ते वय उलटून गेल्यावर, पोटभर जेवण, बूट, पगार आणि सरावाची वेळ देणाऱ्या संस्थेत तो सापडला. कष्टांमुळे दम वाढतो हे खरं आहे. पण त्या कष्टांतून आलेल्या आणि सापडल्या नाहीत अशा मुलांची मोजणी कोणी केलेली नाही, आणि तेवढ्यासाठी तरी गरिबीचं हे कौतुक जपून करावं. सहा किलोमीटर चालत शाळेत जाणारं मूल पाहिलं की त्याच्यात साबळे शोधण्याआधी एस.टी. का येत नाही, असं विचारणारा माणूस मला अधिक पटतो.

क्रॉस कंट्रीत हा मुद्दा इतर शर्यतींपेक्षा जास्त लागू पडतो, कारण ही वैयक्तिक दिसणारी पण मुळात चमूची शर्यत आहे. गुण म्हणजे क्रमांकांची बेरीज. सहा मुलं धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक धरले जातात अशी एक रूढ पद्धत आहे. समजा, एका शाळेची मुलं पहिली, दुसरी, तिसरी आली आणि चौथं विसावं. बेरीज सव्वीस. दुसऱ्या शाळेची मुलं पाचवी, सहावी, सातवी, आठवी. बेरीज तीही सव्वीस. बरोबरी झाली तर ज्या चमूचा शेवटचा मोजला जाणारा धावपटू पुढे आहे तो चमू जिंकतो, हा आंतरराष्ट्रीय शर्यतींतला संकेत. म्हणजे पहिले तिन्ही क्रमांक घेऊन आलेली शाळा हरली आणि पहिल्या चारांत एकही नसलेली जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे जगाने पाहिलं. भयंकर उन्हात अडतीस धावपटू निघाले, पंधराच परत आले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला, विले रिटोला दुसरा. पण चमूचं सुवर्ण अवलंबून होतं तिसऱ्या फिन खेळाडूवर, हेइक्की लीमाटाइनेनवर, आणि तो शेवटच्या रेषेपर्यंत येताना भेलकांडत होता. तो बारावा आला म्हणून फिनलंडला सोनं मिळालं. त्या दिवशीच्या हालांनंतर ऑलिंपिकमधून क्रॉस कंट्री काढूनच टाकली. नुर्मीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळचं भाषण नेहमी नुर्मीकडे पाहून केलं जातं. ज्याला पदक मिळणार नाही हे त्याला स्वतःलाही माहीत आहे त्या चौथ्या मुलाला त्यातलं काही लागू पडत नाही. त्याने का धावायचं? शाळेच्या नावासाठी, हे उत्तर त्याच्यासाठी पुरेसं तेव्हाच ठरतं, जेव्हा शाळेनेही त्याच्यासाठी काही अंगावर घेतलेलं त्याला दिसतं.

वज्रेश्वरीच्या आसपास हे ‘काही’ म्हणजे काय, ते अमूर्त नाही. तानसा नदीच्या या पट्ट्यात, अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांपासून वाड्याकडच्या रानापर्यंत, वारली आणि कातकरी कुटुंबांची मुलं शाळांत आहेत. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि भातकापणीचा हंगाम एकमेकांवर येतात. कापणीनंतर शेतांत भाताची धसकटं उभी असतात, करकरीत, बोटभर उंचीची. अनवाणी पायाला किंवा झिजलेल्या कॅनव्हासच्या तळव्याला ती कशी लागतात ते त्या मुलांना विचारावं. दिवाळी झाली की कुटुंबांची हालचाल सुरू होते, ती भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. आगाऊ उचल घेतलेली असते. आईबापांबरोबर मुलंही जातात. जिल्हा पातळीवर निवडलं गेलेलं मूल विभागाच्या शर्यतीच्या दिवशी भट्टीवर विटा उलटत असेल तर त्याची जिद्द कमी पडली असं म्हणायचं काय? याच भागात, वज्रेश्वरीपासून जवळच्या उसगावला, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांच्या सुटकेचं काम उभं केलं, आणि त्यांच्या विधायक संसदेने मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा भट्टीपर्यंत न्यायची म्हणून भोंगाशाळा काढल्या. शिक्षणाच्या बाबतीत जे त्यांना कळलं ते खेळाच्या बाबतीत शाळांना कळायला हरकत नाही. मुलाची जिद्द मोजण्याआधी मुलाला जागेवर राहता येईल एवढी तजवीज लागते: हंगामभर वसतिगृहातली जागा, दोन वेळचं नीट जेवण, बूट आणि स्पर्धेला जायचं वाहनभाडं कुणी द्यायचं याचा आधीच झालेला निकाल. मुलांना नवस बोलायला लावण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी बोलायचा नवस हा असा आहे. त्याला देवळात जायलाही नको, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहिला तरी चालतो.

तिसरा आक्षेप कदाचित सर्वांत खरा आहे. शब्दांना काहीच किंमत नाही का? बूट आणि जेवण मिळूनही ढेपाळणारे चमू असतात आणि तुटपुंज्या सोयींत एका वाक्याने उभे राहिलेलेही. शब्दांना किंमत आहे. वसईची हकीगतही ते नाकारत नाही. पण कोणते शब्द? शर्यतीच्या तिसऱ्या किलोमीटरला, बरगडीत चमक भरलेली असताना, पुढच्या मुलाची पाठ दूर जात असताना मुलाच्या कानात आदल्या रात्रीचं भाषण राहत नाही. राहतात त्या दोन-तीन ओळखीच्या सूचना: चढाला पावलं आखूड, उताराला हात मोकळे, बांधानंतर आपल्या शाळेचा दुसरा मुलगा शोध. या सूचना दोन महिन्यांच्या सरावात, त्याच माळावर, रोज दिल्या असतील तरच आठवतात. चिमाजी आप्पांच्या फौजेला १७३९ मध्ये चर कसा खणायचा हे कुणी त्या दिवशी सांगितलं नाही. शिवाय शब्द ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचं वागणं ठाऊक असतं. पहाटे सरावाला स्वतः हजर राहणाऱ्या शिक्षकाची ‘चला’ एवढी हाक जे करते ते न येणाऱ्याच्या अर्ध्या तासाने होत नाही, हे मुलांइतकं स्पष्ट कुणालाच दिसत नसतं.

आणि एक आक्षेप मी स्वतःच या तुलनेवर घेईन. लढाई आणि मुलांची शर्यत यांत एक मोठा फरक आहे. चिमाजी आप्पांचा नवस सशर्त होता. किल्ला आला तर देऊळ. वसई न येती तर वडवलीला आज काय असतं कोण जाणे. राज्याच्या मोहिमेला ही अट चालते, कारण तिथे हरणं परवडत नाही. शाळेच्या चमूला ती चालत नाही. राज्यस्पर्धेत उतरणाऱ्या चमूंपैकी बहुतेकांना हरायचंच असतं, गणितच तसं आहे. तेव्हा शाळेने आपला नवस विजयाच्या अटीवर बोलला तर तो मुलांवरचाच भार होतो, फक्त वळसा घालून. इथे वसईच्याच हकीगतीतला दुसरा भाग जास्त उपयोगी आहे. शरणागतीच्या करारात हरलेल्यांचं काय, हे लिहिलेलं होतं. पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत, शस्त्रांसकट, बायकामुलांसकट, मानाने बाहेर पडायची मुभा. त्यांनी ती घेतली आणि २३ मे रोजी किल्ला सोडला. शत्रूला जे देता आलं ते आपल्या शाळेच्या अकराव्या, सत्ताविसाव्या आलेल्या मुलाला द्यायला कठीण नसावं: निकालाच्या दिवशी परतीच्या गाडीत तीच जागा, दुसऱ्या दिवशी वर्गात तोच हजेरीपटावरचा क्रमांक, वसतिगृहातला पलंग हंगाम संपेपर्यंत त्याचाच. आणि बूट. ते शाळेच्या कपाटात परत जमा करून घ्यायचे की मुलाच्या पायांतून त्याच्या पाड्यावर जाऊ द्यायचे, हे शर्यतीच्या आधी ठरलेलं आणि मुलाला ठाऊक असलेलं बरं.